भरीचं काम

रेडिओवर 'फिलर' नावाची एक चीज असते. कार्यक्रम ठरल्यापेक्षा तीन-चार मिनिटं आधी संपला, की पुढच्या बातम्या लागेपर्यंत सतारीचा नाहीतर बासरीचा जो तुकडा वाजतो, तो फिलर. मी एका केंद्रावर काही वर्षं नैमित्तिक निवेदक होतो. रात्रपाळीला बसलं, की आधी फिलर हाताशी आहे का ते बघायचं, मग खुर्ची पुढे ओढायची. वादकाचं नाव सांगायला वेळ नसे. कोणी विचारतही नसे.

एका रात्री अकराच्या पुढे लावायची टेप जागेवर नव्हती आणि फिलरही सापडेना. मी फेडर वर केला आणि सात मिनिटं बोलत राहिलो. बाहेर पाऊस लागला होता, त्यावर बोललो. शेवटच्या गाडीने घरी जाणाऱ्यांवर बोललो. दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला. त्याला 'यापुढे असं होणार नाही' असं उत्तर लिहून दिलं आणि विषय मिटवला.

पुढे अमेरिकन सूत्रसंचालक स्टीव्ह ॲलनची गोष्ट वाचली, तेव्हा तो मेमो आठवला. 1948 मध्ये लॉस एंजेलिसच्या केएनएक्स या केंद्रावर त्याला रात्री उशिराच्या वेळेत तबकड्या लावायला ठेवलं होतं. पण दोन गाण्यांमधली त्याची बडबड लांबत गेली आणि गाणी आटत गेली. वरून लेखी तंबी आली: तुम्हाला गाणी लावायला ठेवलंय, विनोद करायला नाही. ॲलनने ती तंबी त्याच रात्री कार्यक्रमात मोठ्याने वाचून दाखवली. पत्रांचा पाऊस पडला, केंद्र गप्प बसलं आणि बडबड अधिकृत झाली. माझ्या आणि त्याच्या गुणवत्तेत काय फरक होता, ते मी निमूट मान्य करतो. पण मेमोचं काय करायचं हेसुद्धा त्याला कळत होतं आणि मला नव्हतं, हा फरक जास्त लागतो.

हळूहळू लोक स्टुडिओत येऊन बसायला लागले. एकदा गायिका-अभिनेत्री डोरिस डे मुलाखतीला येणार होती, ती आलीच नाही. हातात पंचवीसेक मिनिटं, समोर नुसते श्रोते. ॲलन जड स्टँडचा माइक उचलून त्यांच्यातच शिरला आणि ज्याला-त्याला नाव-गाव विचारत सुटला. सूत्रसंचालक माइक घेऊन प्रेक्षकांत शिरतो, हे आज आपण रोज बघतो आणि त्यात काही विशेष आहे असं आपल्या मनातही येत नाही. ते त्या रात्रीच्या फजितीतून आलं, असं ॲलन स्वतः सांगायचा.

जुन्या काव्यचर्चेत 'भरीचे शब्द' असा एक दोष सांगितला आहे. वृत्तात मात्रा कमी पडल्या, की कवी 'तो', 'हा', 'बापुडा' असं काहीतरी कोंबतो. लिहिलेल्या कवितेत तो दोष खराच. पण प्रसारणाची गोष्ट वेगळी आहे. तिथे वेळ आधी ठरलेला असतो आणि तो भरायचाच असतो. मजकूर असो नसो, काटा पुढे सरकत राहतो. म्हणून या माध्यमाची खरी कला भरीच्या जागीच जन्मते, असं माझं मत आहे. गाणं तर तबकडीवरही ऐकता येतं. दोन गाण्यांच्या मधलं जे काही असतं, ते फक्त रेडिओचं.

त्यातही रात्र. रात्र ही प्रसारणातली पडीक जमीन. जाहिरातदार दिवसाच्या काळ्याभोर जमिनीसाठी भांडतात, साहेब लोक जेवून झोपलेले असतात. पडीक रानात कोणी काय पेरलं हे पाहायला तलाठी येत नाही. आपल्याकडेही विविध भारतीवर रात्री दहाला लागणारं 'छायागीत' हे निवेदकाचं स्वतःचं रान राहिलं आहे. गाणीही त्याचीच निवड, मधलं बोलणंही त्याचंच. ते गाण्यांसाठी ऐकतो असं आपण म्हणतो खरं, पण गाणी तर दुपारीही लागतात.

27 सप्टेंबर 1954 रोजी एनबीसीच्या दूरदर्शनवर 'टुनाइट' हा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम अमेरिकाभर सुरू झाला, तेव्हा ॲलनने नवीन काही शोधलं नाही. केएनएक्सवरची पडीक जमीन त्याने चित्रासकट न्यूयॉर्कच्या हडसन थिएटरात आणली. टेबल, पियानो, पाहुणे, प्रेक्षकांतली फेरी, कॅमेरा रस्त्यावर रोखून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर मारलेले शेरे. पुढच्या एका कार्यक्रमात अंगभर चहाच्या पुड्या बांधून घेऊन तो भल्यामोठ्या कपात बुडला, तेव्हा त्या प्रसंगाला ना गोष्ट होती ना अर्थ. वेळ मात्र भरला. पुढच्या चार पिढ्यांचे सूत्रसंचालक याच सामानावर संसार करत आले आहेत.

आणि पियानो. ॲलनला स्वरलेखन वाचता येत नव्हतं. सुचेल ते वाजवून टेपवर ठेवायचं, कागदावर दुसऱ्या कुणी उतरवायचं. 'धिस कुड बी द स्टार्ट ऑफ समथिंग' हे त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं 1956 मध्ये प्रकाशित झालं. ते झोपेत सुचलं असं तो सांगे. तेच त्याच्या कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत झालं. पुढे साठच्या दशकातल्या कार्यक्रमासाठी त्याने 'ग्रेव्ही वॉल्ट्झ' वापरलं. रे ब्राऊनबरोबर केलेल्या या रचनेला ग्रॅमी मिळालं.

शीर्षकसंगीताला आपण कमी लेखतो, कारण ते दुसऱ्या कशाच्या तरी दारावर उभं असतं. पण त्याचं काम विचित्र अवघड आहे. स्वयंपाकघरातल्या माणसाला ते भिंतीपलीकडून, कुकरच्या शिट्टीवर मात करून हाक मारतं. पहिल्या तीन-चार सुरांत ओळख पटली पाहिजे, आणि हजाराव्यांदा ऐकतानाही वीट येता कामा नये. मैफलीच्या रचनेला ही परीक्षा कधी द्यावी लागत नाही. शीर्षकसंगीत किती मोलाचं असतं, हे संगीतकारांआधी हिशेब ठेवणाऱ्यांनी ओळखलं. 1962 मध्ये जॉनी कार्सन 'टुनाइट'वर सूत्रसंचालक म्हणून आला. त्याच्यासाठी गायक-संगीतकार पॉल अँकाने स्वतःचीच एक जुनी चाल नव्याने बांधली. सहरचनाकार म्हणून नाव लागलं कार्सनचं, आणि जवळजवळ तीस वर्षं रोज रात्री वाजणाऱ्या त्या धूनच्या मानधनातला निम्मा वाटा त्याला मिळत राहिला. 'स्टार ट्रेक'च्या धूनला निर्माता जीन रॉडनबरीने शब्द लिहिले. ते त्या मालिकेत कधी गायलेच गेले नाहीत, तरी संगीतकार अलेक्झांडर करेजच्या मानधनातला अर्धा हिस्सा रॉडनबरीकडे गेला. आणि 1963 मध्ये बीबीसीच्या 'डॉक्टर हू'ची धून जिने टेपचे तुकडे कापून-जोडून घडवली, त्या डेलिया डर्बिशरचं नाव पडद्यावर यायला 2013 उजाडावं लागलं. तोवर तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. म्हणजे शब्द 'भरीचे' असले, तरी पैसा भरीचा नव्हता.

ॲलनची खोट वेगळीच होती. भरीच्या कामातला तो बादशहा, आणि त्याला तेवढं पुरत नव्हतं. गायक फ्रँकी लेनशी त्याने पैज लावली होती: रोज पन्नास गाणी, आठवडाभर. हॉलिवूडमधल्या एका संगीताच्या दुकानाच्या काचेआड बसून त्याने 350 गाणी पुरी केली आणि हजार डॉलर जिंकले. पुढे आयुष्यभर तो असा मोजतच राहिला. एकूण गाणी साडेआठ हजारांवर, पुस्तकं पन्नासच्या वर. आपल्याकडे अशा माणसाला 'दांडगा उरक' म्हणतात, आणि म्हणताना ओठ किंचित वाकडे होतात. तो वाकडेपणा इथे बऱ्याच अंशी रास्त आहे. त्या 350 पैकी दोन-चारदेखील कुणाला गुणगुणता येणार नाहीत. पण उरक हा रात्रपाळीने लावलेला गुण होता. काटा थांबत नाही, म्हणून हात थांबवायचा नाही. ती सवय त्याने टेबलावर, कागदावर, पुस्तकांत सगळीकडे नेली, आणि तिथे ती दोष ठरली. सात मिनिटं भरणं आणि सातशे पानं भरणं या गोष्टी एक नव्हेत.

1959 मध्ये लेखक जॅक केरुॲक त्याच्या कार्यक्रमात वाचायला उभा राहिला. ॲलन पियानोवर बसून दोन वाक्यांमधल्या जागा सुरांनी भरत गेला. वाक्य सुरू झालं की त्याचा हात हलका होतो, थांबलं की जरा पुढे येतो. मला विचाराल तर तो ॲलन सर्वांत मोठा, कारण तिथे त्याला मध्यभागी यायचं नव्हतं.

म्हातारपणी त्याने टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम उघडली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. तळमळ खोटी नव्हती. पण एकेकाळी साहेबाची तंबी हवेत वाचून दाखवणारा माणूस आता स्वतःच तंबी लिहीत होता, याचं मला वाईट वाटतं. पडीक जमिनीत तण माजणारच. त्याचं स्वतःचं पीकही कधीकाळी तणातच धरलं जात होतं.

आता तर पडीक जमीनच उरली नाही. रात्रीचं निवेदन पुष्कळ ठिकाणी संध्याकाळीच मुद्रित होतं आणि संगणक ते वेळेवर सोडतो. बाहेर पाऊस लागला, तरी त्या आवाजाला तो ठाऊक नसतो. मालिका फोनवर लावली, की शीर्षकसंगीत सुरू होताच 'स्किप इंट्रो'ची पाटी येते, आणि आपला अंगठा त्या धूनपेक्षा चपळ असतो.

30 ऑक्टोबर 2000 च्या संध्याकाळी ॲलन मुलाच्या घरी निघाला होता. वाटेत दुसऱ्या गाडीने त्याच्या गाडीला किरकोळ धडक दिली. घरी पोचल्यावर जरा आडवा झाला आणि त्याच रात्री गेला. वय 78. 1954 च्या त्या पहिल्या रात्री कॅमेऱ्यासमोर बसून त्याने प्रेक्षकांना थट्टेने बजावलं होतं, की हा कार्यक्रम कधी संपणारच नाही. चालायचा तो रात्री एक वाजेपर्यंत, म्हणून ती थट्टा. 'टुनाइट' एनबीसीवर अजून चालू आहे, रात्री 11.35 ला.