पाच भाषांचं गाव

शाळेच्या इतिहासात तंजावर आपल्याला जेमतेम एका परिच्छेदात भेटतं. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तिथे राज्य करत होते, दक्षिण दिग्विजयात 1677 साली शिवाजी महाराज त्यांना भेटले, वाटणीवरून दोघां भावांचं बिनसलं. एवढं सांगून पुस्तक रायगडाकडे परत फिरतं. तंजावरची भोसल्यांची गादी मात्र त्यानंतर जवळजवळ 180 वर्षं टिकली. पेशवाई बुडाली, सातारा खालसा झाला, तरी ती उभी होती. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने ते राज्यही गिळलं. एवढा मोठा काळ आपल्या आठवणीतून सहज गळून गेला, याचं मला वाईट वाटतं. त्याहून वाईट याचं वाटतं, की आठवण आलीच तर आपल्याला तिथे फक्त आपला विजय दिसतो. कावेरीच्या काठी भगवा फडकला, हे वाक्य आपल्याला पुरतं.

तंजावर मला दाखवलं ते तिथेच जन्मलेल्या माझ्या मैत्रिणीनं. पुण्यात आम्ही एकाच कचेरीत नोकरीला होतो. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. ते मराठी तमिळच्या चालीवर चालतं आणि त्यात आपल्याकडे केव्हाच मागे पडलेले शब्द अजून रोजच्या वापरात आहेत. लिहायचं-वाचायचं मात्र सगळं तमिळमध्ये. तिच्या पिढीतल्या बहुतेकांना देवनागरी येत नाही, मोडी तर नाहीच.

तिच्याबरोबर बृहदीश्वराच्या देवळात गेले. राजराज चोळानं हे देऊळ 1010 च्या सुमारास पुरं केलं. त्याच्या जोत्यावर तमिळ अक्षरांत कोरलेले लेख आहेत. देवाला दिलेले दागिने, दिव्यांसाठी लावून दिलेली जनावरं, आणि देवळाच्या सेवेत आणलेल्या 400 नर्तकींची नावं, कोण कुठल्या घरात राहते त्यासकट. आवाराच्या नैर्ऋत्य भागातल्या भिंतींवर दुसरा लेख आहे. तो मराठी आहे, देवनागरीत, 1803 सालचा. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या घराण्याची सगळी हकीकत तिथे कोरून घेतली, ती बाबुराव चिटणिसांनी रचली. भोसले वंशचरित्र म्हणतात तो हाच लेख.

मैत्रीण लहानपणापासून या भिंतीजवळून गेलेली, पण तिला तो वाचता येत नव्हता. मी अक्षरं लावू लागले. ओळी सलग, शब्द कुठे तुटतो ते कळायला वेळ लागायचा आणि मधेच एखादी शब्दरचना मला अडायची. ती ऐकत होती. मी अडले की तीच सांगायची, "अगं, हे तर आमची आजी असंच बोलायची." लिपी माझ्याकडे होती आणि बोली तिच्याकडे. बराच वेळ आम्ही दोघी त्या भिंतीशी उभ्या होतो. आजूबाजूनं तमिळ कुटुंबं चालली होती, एक-दोघं थांबून हे काय लिहिलंय म्हणून विचारत होती आणि ती त्यांना तमिळमध्ये सांगत होती. मराठी लेख एक तमिळ मुलगी मराठी ऐकून तमिळमध्ये समजावते आहे, हे मी पाहत होते. तंजावरचा वारसा म्हणून मला काही सापडलं असेल तर ते तिथे सापडलं.

कारण तंजावरच्या मराठ्यांचं मोठेपण मला या मिसळण्यात दिसतं. ते तिथे जिंकून आले, हे झाकायचं कारण नाही. विजापूरकरांनी व्यंकोजींना पाठवलं होतं मदुरेच्या नायकाला हटवून तंजावरच्या नायकांच्या वारसाला गादीवर बसवायला. त्यांनी बसवलं आणि थोड्याच काळात ती गादी स्वतः घेतली. पुढेही सगळं राज्य काही रामराज्य नव्हतं. कावेरीच्या खोऱ्यातला भात पिकवणाऱ्यानं सारा भरला म्हणून दरबारात वीणा वाजली. पण जिंकलेल्या गावात जाऊन तिथली भाषा पुसायची वाट या घराण्याने धरली नाही.

व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे 1684 मध्ये गादीवर आले. त्यांनी तेलुगूत लिहिलं, मराठीत लिहिलं. त्यांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 1843 साली सीतास्वयंवर केलं तिथून आपण मराठी रंगभूमीचा जन्म मोजतो, त्याच्या कितीतरी आधी हे तंजावरात लिहिलं गेलं. मला मात्र त्यांचं 'पंचभाषाविलास' जास्त मोलाचं वाटतं. श्रीकृष्णावर चार राजकन्यांचा जीव जडलाय: एक द्रविड देशाची, एक आंध्राची, एक महाराष्ट्राची, एक उत्तरेकडची. प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते. कृष्णाच्या बाजूला संस्कृत. तेव्हा रंगमंचावर एकाच वेळी तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत. हे नाटक लिहिणाऱ्या राजानं प्रेक्षकांत या सगळ्या भाषा समजणारी माणसं बसलेली आहेत असं गृहीत धरलं होतं. आपल्या आजच्या कुठल्या शहरात असं गृहीत धरायचं धाडस कुणी करील?

सरफोजीराजांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात सांगते. नायकांच्या काळापासूनचं ग्रंथालय त्यांनी सरस्वती महाल म्हणून नावारूपाला आणलं. तिथे मराठी हस्तलिखितं तीन हजारांच्या आसपास, संस्कृत त्याच्या कितीतरी पट. डोळ्यांच्या रोग्यांची त्यांनी करवून घेतलेली रंगीत चित्रं आणि नोंदी अजून आहेत. श्वार्त्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली हा राजा वाढला. त्या पाद्र्याच्या मृत्युशय्येशी राजा बसलेला आहे असं संगमरवरी शिल्प तिथल्या चर्चमध्ये आहे, इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनचं. 1799 च्या तहात राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला, राजाकडे उरला किल्ला आणि तनखा. हरलेला राजा ग्रंथ जमवत बसला असं म्हणून लोक ते उडवून लावतात, ते मला पटत नाही. तलवार गेल्यावर त्यानं जे केलं, त्यातलं बरंच आजही वापरात आहे.

त्यातलीच एक गोष्ट नाचाची. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांना तंजावरच्या दरबाराचा आश्रय होता. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत ज्या क्रमानं होतो, तो घडवण्याचं श्रेय त्यांना देतात. त्याच दरबारात सरफोजीराजांच्या नावावर मराठी निरूपणं आहेत, एकेका कथेवर नाचाचे सगळे प्रकार ओळीनं बांधलेले. मराठी शब्दांवर दाक्षिणात्य नाच. आपल्या गावोगावी मुली भरतनाट्यम शिकतात, त्यांना ही मराठी रचना कुणी शिकवत नाही. शिकवायला हवी.

उलट दिशेचा प्रवासही झाला. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार तंजावरला गेले. त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं तमिळ शब्दांनी भरली गेली. नारदाच्या गादीवरून निघालेली चाल आज चेन्नईच्या सभेत ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला ती परकी वाटत नाही. परकी वाटत नाही, यातच तिचं यश आहे.

मैत्रिणीच्या घरी पहिल्या जेवणाला रसवांगी होती. तिच्या आईनं, मी त्यांना काकू म्हणत होते, वांग्याच्या फोडी चिंचेच्या पाण्यात शिजत घातल्या होत्या. हरभऱ्याची डाळ वेगळी शिजवलेली. धने, लाल मिरची आणि ओलं खोबरं परतून वाटलेलं, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. भाताबरोबर खायची. ती आता तंजावरच्या तमिळ घरांतूनही सर्रास होते. मला पुण्यातून निघताना सगळ्यांनी सांगितलं होतं ते सांबाराबद्दल, की ते संभाजी महाराजांच्या पाहुणचारातून जन्मलं. या गोष्टीला कागदोपत्री आधार नाही. तरी आपल्याला ती सांगायला आवडते, कारण तिच्यात आपण देणारे असतो. काकूंच्या स्वयंपाकघरात कुणी कुणाला काय दिलं याचा हिशेब मांडणं शक्यच नव्हतं.

मोडीचंही तसंच. तंजावरच्या दरबाराचे मोडी कागद गठ्ठ्यांनी पडून होते. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं ते वाचून घेतले, तमिळमध्ये भाषांतर केलं आणि टिपांसह छापले. के. एम. वेंकटरामय्या यांनी मराठा राजांच्या कारभारावर आणि समाजजीवनावर तमिळमध्ये मोठा ग्रंथ लिहिला, तो 1984 मध्ये याच विद्यापीठानं काढला. आपल्या पूर्वजांचे कागद तमिळ अभ्यासकांनी इतक्या आस्थेनं जपले, याबद्दल महाराष्ट्रानं ऋणी असायला हवं. आपल्याकडे मोडीचे वर्ग चालतात, हौशीनं शिकणारे वाढलेत. त्यांतल्या चार जणांनी तमिळ शिकावं आणि तंजावरला जाऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

निघायच्या आदल्या रात्री मैत्रिणीच्या भावानं मला विचारलं, मुलीला मराठी शिकवायचं आहे, पण कुठलं? पुण्याचं पुस्तकी की घरचं? घरचं मराठी ऐकून महाराष्ट्रातले नातलग हसतात, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला फार लागलं. मी त्याला म्हटलं, घरचंच शिकवा, आणि त्याबरोबर देवनागरी शिकवा. पुण्याचं मराठी तिला पुण्याला आल्यावर महिन्याभरात येईल. आजीचं मराठी तिला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. काकूंनी त्याच रात्री मुलीला ओव्या सांगायला सुरुवात केली, मी त्या देवनागरीत लिहून दिल्या आणि भावानं प्रत्येक ओळीखाली तमिळ अक्षरांत तीच ओळ लिहिली.