‘ओपन’ या शब्दाची गोष्ट

लॉस एंजेलिसमध्ये पिको बुलेवार्डच्या एका बाजूला फॉक्सचा स्टुडिओ आहे आणि समोर रँचो पार्क, महापालिकेचं गोल्फ मैदान. त्या मैदानावर धातूची एक पाटी बसवलेली आहे. पाट्या सहसा विजयाच्या असतात, ही मात्र फजितीची आहे. 6 जानेवारी 1961 रोजी, पस्तिसाव्या लॉस एंजेलिस ओपनच्या पहिल्या दिवशी, अर्नोल्ड पामरने या होलवर 12 फटके घेतले, असं ती सांगते.

पामर त्या वेळी गोल्फचा राजा होता. आदल्याच वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन या स्पर्धा त्याने खिशात घातल्या होत्या. होल पार पाचचा, म्हणजे चांगल्या खेळाडूने पाच फटक्यांत उरकावा असा. पहिला फटका ठीक गेला. दुसरा हद्दीबाहेर. गोल्फमध्ये हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूला माफी नसते: एक फटका दंड भरायचा आणि त्याच जागेवरून पुन्हा मारायचं. म्हणजे पुढचा फटका चौथा. तोही बाहेर. दोन चेंडू उजवीकडे सरावाच्या मैदानात, दोन डावीकडे कुंपणापलीकडच्या रस्त्यावर. दुसरा, चौथा, सहावा, आठवा असे चार फटके वाया गेले. दहाव्याला चेंडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर आला, मग दोन पट, म्हणजे भोकाकडे ढकललेले हलके फटके. झाले बारा. बारा कसे झाले, असं कुणीतरी विचारलं तेव्हा अकरासाठीचा पट हुकला म्हणून, असं उत्तर त्याने दिल्याचं सांगतात.

मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही, तरी ही पाटी मला फार आवडते. खासगी क्लबात ती शोभली नसती. तिथे सागवानी फळ्यांवर सोनेरी अक्षरांत विजेत्यांची नावं असतात आणि ती वाचणारे सभासद तेच ते. रँचो पार्कवर एके काळी वर्षाला लाखभर फेऱ्या खेळल्या जात. सकाळी फी भरून आलेला नळदुरुस्तीवाला किंवा शाळामास्तर त्याच जागी उभा राहतो, चेंडू त्याच रस्त्यावर घालवतो आणि पाटीकडे बघून जरा सुखावतो. क्रिकेटवेड्या मुंबईकराला वानखेडेच्या खेळपट्टीवर असा रविवार कधी मिळत नाही. गोल्फमध्ये तो मिळू शकतो, पण मैदान सार्वजनिक असेल तरच.

‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्याकडे पुष्कळ ओझं वाहून आलेला आहे. 1870 ची पुण्याची सार्वजनिक सभा, तिच्यापायी ‘सार्वजनिक काका’ झालेले गणेश वासुदेव जोशी, जोतीरावांचा सत्यधर्मही सार्वजनिक, आणि पुढे गणपतीसुद्धा. प्रत्येकाने या शब्दात आपापला अर्थ भरला. गोल्फमध्ये त्याच्या शेजारी आणखी एक शब्द उभा असतो, ‘ओपन’. स्पर्धा ओपन म्हणजे हौशी असो वा धंदेवाईक, जो पात्र ठरेल तो खेळेल. मैदान सार्वजनिक आणि स्पर्धा खुली, ऐकायला जोडी छान जमते. प्रत्यक्षात ती जमायला फार वर्षं लागली.

लॉस एंजेलिस ओपन 1926 साली सुरू झाली ती एका खासगी क्लबावर. पुढे ती गावभर फिरली. तिसाच्या दशकाच्या अखेरीस काही वर्षं ती ग्रिफिथ पार्क या शहराच्या उद्यानातल्या मैदानावर होती. तिथेच जानेवारी 1938 मध्ये बेब डिड्रिक्सन ही ऑलिंपिक गाजवलेली बाई पुरुषांच्या या स्पर्धेत उतरली. तिच्या जोडीला खेळायला मिळाला जॉर्ज झहारियास नावाचा पैलवान. बेब पुढच्या फेरीत गेली नाही, पण वर्ष संपायच्या आत दोघांनी लग्न केलं.

रँचो पार्कच्या जागी आधी खासगी क्लबाचं मैदान होतं. ती जागा शहराकडे आली आणि 1949 मध्ये मैदान सगळ्यांना खुलं झालं. 1956 पासून लॉस एंजेलिस ओपन इथे भरू लागली ती, मधलं 1968 वगळता, 1972 पर्यंत. पुढे गाजलेला जॅक निकलस व्यावसायिक म्हणून पहिल्यांदा खेळला तो इथेच, जानेवारी 1962 मध्ये, आणि त्याची कमाई होती 33 डॉलर 33 सेंट. बारा फटक्यांच्या फजितीनंतर पामरने ही स्पर्धा तीनदा जिंकली, 1963, 1966 आणि 1967 मध्ये. गोल्फच्या पुस्तकांत रँचो पार्कचं नाव येतं ते अशा गोष्टींसाठी. मला मात्र या मैदानाचा इतिहास 1969 च्या स्पर्धेभोवती फिरताना दिसतो, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना, पीजीए, हिच्या घटनेत 1934 पासून एक कलम होतं. सभासद ‘कॉकेशियन वंशाचा’, म्हणजे गोरा, असला पाहिजे. 1948 मध्ये बिल स्पिलर आणि टेड ऱ्होड्स हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू लॉस एंजेलिस ओपनमधल्या कामगिरीवर पुढच्या रिचमंड ओपनसाठी पात्र ठरले. स्पिलर पदवीधर होता, रेल्वे स्टेशनवर हमाली करून पोट भरायचा आणि तिशीच्या उंबरठ्यावर गोल्फ शिकला होता. रिचमंडला दोघांना परत पाठवलं गेलं. ते कोर्टात गेले. यापुढे भेदभाव करणार नाही, असं पीजीएने कबूल केलं आणि दावा मागे घेतला गेला. त्यानंतर संघटनेने जी युक्ती केली तिला दाद द्यावी की तिचा संताप करावा, मला ठरवता येत नाही. ‘ओपन’ म्हटलं की खुलं ठेवावं लागतं ना? मग अनेक स्पर्धांना ‘इन्व्हिटेशनल’ म्हणायला सुरुवात झाली. निमंत्रितांची स्पर्धा. ज्याला पत्रिका गेली नाही त्याने रागवायचं कशाला! लग्नाच्या याद्या करताना आपणही हे शास्त्र पाळतोच.

खरी अडचण आली ती मैदानाची. स्पर्धेचं नाव बदलता येतं, पण मैदान शहराच्या मालकीचं असेल तर मालक बदलता येत नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना महापालिकेच्या मैदानावरून हाकलल्याबद्दल अटलांटा शहरावर होम्स कुटुंबाने भरलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1955 मध्ये होम्स यांच्या बाजूने निकाल दिला. कॅलिफोर्नियात स्पिलर तेव्हा कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहण्याचं काम करत होता. एका ओळखीच्या गोऱ्या खेळाडूमार्फत त्याचं गाऱ्हाणं राज्याचे ॲटर्नी जनरल स्टॅनली मॉस्क यांच्यापर्यंत पोचलं. मॉस्क यांनी पीजीएला कळवलं की हे कलम ठेवून राज्यातली सार्वजनिक मैदानं वापरता येणार नाहीत. उत्तर आलं, मग आम्ही खासगी क्लबांवर खेळू. मॉस्क म्हणाले, तिथेही गाठीन, आणि इतर राज्यांच्या ॲटर्नी जनरलनाही कळवीन. लॉस एंजेलिसला ठरलेली 1962 ची पीजीए चॅम्पियनशिप उचलून फिलाडेल्फियाजवळ नेऊन झाली. तरी नोव्हेंबर 1961 मध्ये कलम काढावंच लागलं.

इथे मला महाड आठवतं, आणि ते ओढूनताणून नाही. 1923 मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा होता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, तेव्हा विरोधकांनी दावा ठोकला तो तळं खासगी असल्याचा. दहा वर्षांनी, 1937 मध्ये, हायकोर्टाने तो दावा फेटाळला. दोन्हीकडे भांडणाचा मुद्दा एकच होता, जागा कुणाच्या मालकीची. खासगी जागेवर दार लावणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही. सार्वजनिक जागेवर ते सांगावं लागतं, आणि सांगितलेलं कारण कोर्टात तपासता येतं. सार्वजनिक जागेतली माणसं जास्त सज्जन असतात असा माझा भ्रम नाही. अटलांटाचं मैदान शहराचंच होतं. पण तिथे भांडायला पाय ठेवण्यापुरती जमीन मिळते.

तर 1969. चार्ली सिफर्ड तेव्हा 46 वर्षांचा होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटचा, पोरवयात कॅडी, तोंडात कायम सिगार. कृष्णवर्णीयांच्या नॅशनल ओपन स्पर्धा त्याने सहा वेळा जिंकल्या होत्या, आणि तेवढ्या काळात गोऱ्या खेळाडूंनी कारकिर्दी उभ्या केल्या. 1961 मध्ये दक्षिणेतल्या ग्रीन्सबरोला खेळताना त्याला फोनवर जिवे मारण्याची धमकी आली होती. तिथे तो चौथा आला. कलम गेलं तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. रँचो पार्कवर पहिल्या दिवशी त्याने 63 फटक्यांत फेरी संपवली. चार दिवसांअखेर 276 वर त्याची बरोबरी झाली ती हॅरल्ड हेनिंगशी, दक्षिण आफ्रिकेच्या एका गोऱ्या खेळाडूशी. हेनिंगच्या देशात सहा वर्षांपूर्वी पापवा सेवगोलम या भारतीय वंशाच्या कॅडीने डरबनला नाताळ प्रांताची ओपन जिंकली होती, आणि क्लबहाउसात त्याला प्रवेश नसल्यामुळे करंडक त्याला बाहेर पावसात दिला गेला. ‘ओपन’ तीही होतीच. हेनिंगचा यात काही दोष नाही, पण हे चित्र मनातून जात नाही. सिफर्डने जादा खेळाच्या पहिल्याच होलवर बर्डी मारून, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी घेऊन, निकाल लावला. महापालिकेच्या मैदानावर, रोज फी भरून खेळणाऱ्यांच्या गवतावर.

1973 मध्ये स्पर्धा रिव्हिएरा या खासगी क्लबावर गेली. 1983 मध्ये ती एकदाच रँचो पार्कला परतली, नंतर काही वर्षं ज्येष्ठ खेळाडूंची स्पर्धा इथे भरली, एवढंच. व्यावसायिक गोल्फला गुळगुळीत ग्रीन लागते, प्रायोजकांचे तंबू लागतात, आणि रोज पहाटेपासून शेकडो बूट ज्या गवतावर फिरतात तिथे ते जमवणं अवघड, हे मला पटतं. पण अशक्य म्हणाल तर नाही. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीच्या बेथपेज ब्लॅकवर, जिथे खेळायला नंबर लागावा म्हणून लोक पार्किंगमध्ये गाडीत रात्र काढतात, 2002 मध्ये यूएस ओपन झाली आणि 2025 मध्ये रायडर कपही. सॅन दिएगो शहराच्या टॉरी पाइन्सवर 2008 आणि 2021 मध्ये यूएस ओपन झाल्या. लॉस एंजेलिसला मात्र 2023 मध्ये यूएस ओपनचा मान मिळाला तेव्हा ती भरली लॉस एंजेलिस कंट्री क्लबवर, 1926 च्या पहिल्या स्पर्धेच्या त्याच खासगी मैदानावर.

जुन्या लॉस एंजेलिस ओपनचं नाव प्रायोजकांबरोबर बदलत गेलं, आणि 2020 पासून ते जेनेसिस इन्व्हिटेशनल असं आहे. कारणं आता निराळी आहेत, तरी शब्द तोच. या स्पर्धेत 2009 पासून एका अल्पसंख्याक खेळाडूला खास प्रवेश दिला जातो आणि त्या जागेला चार्ली सिफर्डचं नाव आहे.

शार्लटमध्ये रिव्होल्यूशन पार्कात नऊ होलचं सार्वजनिक मैदान आहे. त्यातल्या काही जमिनी देणाऱ्यांनी अट घातली होती की इथे फक्त गोरे खेळतील, नाहीतर जमीन आम्हाला परत. 1951 मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंनी त्यावर दावा लावला आणि ते मैदान त्यांना खुलं व्हायला पन्नासच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. 2011 पासून त्याचं नाव डॉ. चार्ल्स एल. सिफर्ड गोल्फ कोर्स असं आहे.