नाण्यावरील नाव

मराठी अमलात झाशीच्या टांकसाळीत पडलेल्या चांदीच्या रुपयावर स्थळ आहे ‘बळवंतनगर’, लिपी फारसी आणि नाव दिल्लीच्या दुसऱ्या शाह आलमचे. सात खंडांवर आपले नाणे चालते, असा त्या बादशहाच्या मुद्रेचा दावा. प्रत्यक्षात १७७२ साली तो दिल्लीस परतला तो मराठी फौजांच्या आधाराने. १७८८ साली गुलाम कादिराने त्यास अंध केले. ज्याची सत्ता स्वतःच्या वाड्यातही उरली नाही, त्याच्या नावाने नाणे पाडणे यास असत्य म्हणावे काय?

याच्या उलट उदाहरण प्राचीन रोमच्या ‘देनारियस’ या चांदीच्या नाण्यात सापडते. इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरचे मुख त्याच्या हयातीतच रोमच्या नाण्यांवर आले. त्याच वर्षी त्याचा वध झाला. वध करणाऱ्यांपैकी ब्रूटसने पुढे जे नाणे पाडले, त्याच्या एका बाजूस दोन खंजीर, मध्ये दास्यमुक्तीची टोपी आणि खाली वधाची तिथी आहे. दुसऱ्या बाजूस मात्र ब्रूटसचेच मुख आहे! एकाधिकाराचा निषेध आणि त्याचेच अनुकरण एकाच चांदीच्या दोन अंगांवर उमटले.

ब्रूटसने कोणाचे नाव उसने घेतले नाही. परंतु स्वतःचे नाव कोरल्याने सत्ता प्रामाणिक होतेच असे नाही. झाशीच्या रुपयावरील उसन्या नावात निदान एक कबुली आहे. केवळ तलवार पुरेशी नाही, सत्तेला आपल्याहून जुन्या अशा कशाची तरी साक्ष लागते, ही ती कबुली.

तथापि हीच साक्ष आडोसाही होऊ शकते. ईस्ट इंडिया कंपनीनेही शाह आलमच्या नावाने दीर्घकाळ रुपये पाडले आणि १८३५ साली ते नाव पुसून चौथ्या विल्यमचे मुख कोरले. १८१७ च्या तहाने झाशीचे राज्य रामचंद्ररावांस वंशपरंपरेने मान्य केले होते. गंगाधररावांच्या मृत्यूनंतर राणी लक्ष्मीबाईंनी दत्तकपुत्रासाठी त्याच तहाचा आधार घेतला. १८५४ साली राज्य खालसा झाले. कंपनीची मोहोर असलेला शब्द कंपनीच्याच दारी चालला नाही.

सराफ रुपयाचे वजन आणि कस पाहतो. त्यावरील नावाचा कस लावण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. तो कस काळच लावतो. नाव स्वतःचे की उसने, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम होय. त्या नावाने दिलेला शब्द गैरसोयीचा झाल्यावरही पाळला जातो काय, यावरच मुद्रेचे खरेखोटेपण ठरते.