शरीराचे घड्याळ आणि उपवासाचा अर्थ

वार्धक्याचे भय माणसाइतकेच जुने आहे. त्यावरचे उपाय मात्र प्रत्येक पिढीला नवे वाटतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत सोसायटीच्या कट्ट्यावर, लोकलच्या डब्यात किंवा रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चार पोक्त माणसे जमली, की बोलणे मधुमेह आणि रक्तदाबावरून लवकरच दोन गोष्टींपाशी येते : कोण किती तास उपाशी राहतो, आणि कोण कोणत्या गोळ्या घेतो. पूर्वी हे सारे वजन उतरावे म्हणून चाले. आता त्यात एका नव्या आशेची भर पडली आहे. नियमित उपवासाने व पूरक गोळ्यांनी शरीराचे म्हातारे होणेच मंदावते, असे सांगितले जाते.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. हे खरे आहे काय? आणि खरे असल्यास त्याचा ध्यास धरणे योग्य आहे काय? पहिला प्रश्न विज्ञानाचा व दुसरा नीतीचा, हे उघड आहे. परंतु पहिल्याचे उत्तर प्रामाणिकपणे शोधल्यावाचून दुसऱ्याकडे वळणे योग्य नव्हे; कारण सत्याचा आदर हासुद्धा नीतीचाच भाग होय.

मनुष्य किती वर्षे जगेल हे पाहण्यासाठी संशोधकाला त्याच्याइतकेच आयुष्य हवे. ही अडचण टाळण्यासाठी 'जैविक वय' मोजण्याची युक्ती निघाली. आपल्या जनुकांवर काही रासायनिक खुणा असतात आणि वयानुसार त्या एका ठरावीक रीतीने बदलत जातात. या खुणा वाचून वयाचा अंदाज बांधणारे गणित स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ साली मांडले. पुढे न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा आयुष्यभर जो अभ्यास झाला, त्याच्या आधारे आणखी एक मापक तयार झाले. वय किती झाले यापेक्षा शरीर सध्या किती वेगाने म्हातारे होत आहे, हे ते सांगू पाहते.

या मापकाने काय दाखवले? अमेरिकेत स्थूल नसलेल्या २२० प्रौढांवर दोन वर्षे एक प्रयोग झाला. काहींनी रोजचा आहार चतुर्थांशाने घटवावा असे ठरले होते; प्रत्यक्षात त्यांना सुमारे १२ टक्केच घट साधली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्या म्हातारे होण्याचा वेग दोन ते तीन टक्क्यांनी मंदावला. हिशेब केला तर वर्षामागे सात ते अकरा दिवस! त्याच लोकांचे रक्त अन्य मापकांनी तपासले, तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय आहार घटवणाऱ्यांची हाडे थोडी विरळ झाल्याचेही आढळले. गोळ्यांविषयी स्वित्झर्लंडमधील ७७७ वृद्धांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. हे सारे सत्तरी गाठलेले होते. बांगडा, तारली अशा माशांत असणारे ओमेगा-३ हे स्निग्ध द्रव्य रोज एक ग्रॅम घेतल्याने तीन वर्षांत जैविक वयात साधारण तीन-चार महिन्यांचा फरक पडला, असे त्यातील काही मापकांनी दाखवले.

हे निष्कर्ष खोटे नाहीत, पण फार मोठेही नाहीत. मुख्य म्हणजे घड्याळाचा काटा मागे सरकला म्हणून आयुष्य वाढले असे अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही. क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात उंदरांना कमी खाऊ घालून त्यांचे आयुष्य वाढवून दाखवले होते. परंतु माकडांवरील दोन दीर्घ अभ्यासांचे निकाल परस्परविरुद्ध आले. विस्कॉन्सिनच्या संशोधकांना २००९ साली लाभ दिसला, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेला २०१२ साली आयुष्यवाढ दिसली नाही. गोळ्यांच्या बाबतीत तर इतिहास अधिकच सावध करणारा आहे. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर जीवनसत्त्व 'ई' आणि बीटा-कॅरोटीन यांचा प्रयोग झाला. कर्करोग टळेल या अपेक्षेने बीटा-कॅरोटीन दिले गेले. १९९४ साली निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे दिसून आले. चांगल्या हेतूने घेतलेली गोळी चांगलीच ठरेल असे नाही, हे या प्रयोगाने शिकवले.

मग लोकांचा विश्वास इतका दृढ का? कारण आपल्याला आकड्यांपेक्षा माणूस पटतो. सोळाव्या शतकात इटलीतील लुइजी कोर्नारो या उमरावाने मोजून-मापून खाल्ल्यानेच आपण दीर्घायुषी झालो असे सांगणारे पुस्तक १५५८ साली प्रसिद्ध केले. लूव्हेन येथील येशूसंघीय धर्मगुरू लिओनार्ड लेसियस यांनी त्याचे लॅटिन भाषांतर केले आणि १६१३ साली मिताहारावर स्वतःचाही ग्रंथ लिहिला. एका माणसाच्या अनुभवाने शेकडो माणसे प्रभावित झाली. आज 'आमच्या मेहुण्याला गुण आला' हे वाक्य तेच काम करते. पण मेहुण्याने उपवासाबरोबर संध्याकाळी चालणे सुरू केले, रात्रीची भजी सोडली व दारू कमी केली, हे मोजले कोणी?

आपल्या महाराष्ट्रात हा विचार घरोघरी पोहोचवण्याचे मोठे श्रेय डॉ. श्रीकांत जिचकार यांना व त्यांचा मार्ग पुढे नेणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना जाते. दिवसातून दोनदाच, आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवावे, ही त्यांची पद्धत. तिचा उद्देश वजन व मधुमेह यांना आवर घालणे हा आहे. चिरतारुण्य हा नव्हे. हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तसेच स्वित्झर्लंडच्या वृद्धाला लागू पडलेले डोंबिवलीच्या वृद्धाला जसेच्या तसे लागू पडेल असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व मुले यांचा अभ्यास केला आहे. आपली अर्भके वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे त्यांनी दाखवले. गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत पुढे मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे जास्त आढळली. एकाची भर आणि दुसऱ्याची उणीव यांनीही तोल बिघडू शकतो, हे यातून सूचित होते.

आता दुसरा प्रश्न. उपवास आपल्याला परका नाही. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी ख्रिस्तसभा आजही उपवास सांगते. कल्याणच्या सिरो-मलबार महाधर्मप्रांतातील अनेक कुटुंबे पन्नास दिवसांच्या उपवासकाळात मांसाहार वर्ज्य करतात. परंतु ख्रिस्तसभेचा नियम नीट पाहावा. उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे. ज्या वयात आजचा मनुष्य तारुण्य राखण्यासाठी उपाशी राहू पाहतो, नेमक्या त्या वयात ख्रिस्तसभा त्याला उपवासाच्या बंधनातून मोकळे करते! उतारवयात स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्याने मनाने जेवण चुकवले तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून घरातील आजी-आजोबांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असले प्रयोग करू नयेत, आणि मुलांनीही ते त्यांच्यावर लादू नयेत.

नियमाहूनही हेतूचा भेद मोठा आहे. संदेष्टा यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात खऱ्या उपवासाची कसोटी सांगितली आहे : भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा मिळाला काय? केवळ स्वतःसाठी राखलेला उपवास त्या कसोटीला उतरत नाही. तो पाप आहे असे नव्हे. शरीर ही देवाने सोपवलेली ठेव आहे आणि तिची निगा राखणे कर्तव्यच आहे. पहाटेची लोकल पकडून रात्री दहाला घरी जेवणाऱ्या माणसाने जेवणाची वेळ अलीकडे आणली, तर ते शहाणपणच ठरेल. मात्र त्याला आहार म्हणावे, उपवास म्हणू नये.

आणि येथेच त्या घड्याळाचा एक वेगळा पुरावा आपल्याला अंतर्मुख करतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धकाळी, नेदरलँड्समध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी मातेच्या उदरात असलेली मुले साठीच्या उंबरठ्यावर आली तेव्हा त्यांचे रक्त त्याच ड्युनेडिनच्या मापकाने तपासले गेले. २०२४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्यांची शरीरे इतरांपेक्षा अधिक वेगाने म्हातारी होत होती. म्हणजे स्वेच्छेने, भरल्या घरात थोडे कमी खाणाऱ्याचे घड्याळ किंचित मंदावते. जन्मापूर्वीच लादलेल्या भुकेने मात्र ते आयुष्यभरासाठी पुढे धावू लागते.

हे वाचताना जव्हारची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा तो तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. २०१४ पासून तो पालघरमध्ये आहे. जिल्ह्याची सीमा बदलली तरी आपले शेजारपण संपत नाही. तेथील एखाद्या गरोदर मातेच्या ताटात रोज एक अंडे, मूठभर डाळ पडली, तर तिच्या बाळाच्या आयुष्यात किती भर पडेल याचा विचार करावा. आपल्या वर्षात सात-अकरा दिवसांची भर घालण्यासाठी महिन्याकाठी गोळ्यांवर जो खर्च होतो, तो त्या हिशेबापुढे ठेवून पाहावा.

संशोधन चालू राहावे, चाचण्या व्हाव्यात, त्यांचे निकाल आपण निर्भयपणे व निर्लोभपणे स्वीकारावेत. लाभलेले दिवस वाढले तर देवाचे आभार मानावे. पण वाढलेल्या दिवसांचे आपण काय करणार, हे कोणतेही घड्याळ सांगणार नाही. येत्या उपवासकाळात एक जेवण वगळण्याचे ठरवाल, तेव्हा त्या जेवणाचे पैसे बाजूला काढून ठेवा आणि ते कोणाच्या ताटात जातील याचा निर्णय घरातील सर्वांनी मिळून करा.