ग्रेड वन

पुण्यातल्या खडकी बाजारात सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांच्या बोलण्यात हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं : "सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, पण ग्रेड वन, म्हणजे पहिलीच पायरी आहे. ते काय, सगळ्यांनाच असतं." कागद घडी होऊन पिशवीत जातो आणि पुन्हा कुणी तो उघडत नाही. या निर्धास्तपणाची मला काळजी वाटते.

दारूला कधी शिवलेला नाही, अंगाने सडपातळ, मग यकृतात चरबी आली कुठून? याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3, म्हणजे अगदी प्रमाणात. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. याज्ञिक 1993पासून पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं इंग्रज बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, स्नायूंनीही कमी; चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आपली ठेवणच अशी आहे. काटा बरोबर दाखवतो म्हणून सुटलो, असं आपल्याला म्हणता येत नाही.

आतड्यातून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, ते आधी यकृतात येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं जवळजवळ तीन चतुर्थांश याच वाटेचं. यकृत हा आतडं आणि हृदय यांच्यामधला जकातनाका आहे. रोज मैदा, साखर आणि तळणच पोटात गेलं, तर कोंड्यावर, सालींवर, पालेभाजीवर जगणारे आतड्यातले उपकारक जीवाणू उपाशी राहतात. आतड्याचं अस्तर कमकुवत होतं आणि इतर जीवाणूंची विषारी द्रव्यं रक्तातून यकृतात पोचून तिथे दाह वाढवतात. पुढची बाजूही तशीच. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनला दाद देत नाही, गरज नसताना साखर सोडत राहतं, ट्रायग्लिसराइडने लादलेले कण रक्तात ढकलतं. चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, वाईट कोलेस्टेरॉलचे बारीक कण धमन्यांच्या भिंतीत शिरतात. म्हणूनच फॅटी लिव्हर असलेली माणसं सर्वांत जास्त दगावतात ती यकृताच्या आजाराने नाही, हृदयविकाराने. आणि या सगळ्या काळात यकृत बहुधा दुखतही नाही.

खडकीत तर हे अधिकच लागू होतं. इथला दारूगोळा कारखाना 1869चा. पाळ्यांमध्ये काम करत घर चालवणाऱ्या माणसांचं हे गाव. रात्रपाळीत जेवण अवेळी होतं, आणि रात्री खाल्लेल्या अन्नातली साखर शरीराला दिवसाइतकी नीट जिरवता येत नाही. चहा-खारीवर रात्र निभावणाऱ्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ जाईल, हे घराने आणि कामाच्या ठिकाणच्या कँटीनने मिळून पाहायला हवं.

यात मोठा दिलासा असा की सुरुवातीच्या टप्प्यावर ही चरबी उतरते. वजन जास्त असलेल्याने सात ते दहा टक्के कमी केलं, तर यकृताची सूजही ओसरू शकते. सत्तर किलोच्या माणसाला हे पाच ते सात किलो. सडपातळ माणसाला त्याहून थोडंही पुरतं. रोजच्या झपझप चालण्याने तर वजन हललं नाही तरी यकृतातली चरबी घटते. केंद्र सरकारने 2021मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तोही यकृताच्या या आजारांशी असलेल्या नात्यामुळेच.

तेव्हा पिशवीतला तो कागद बाहेर काढा. उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्या. कंबर टेपने मोजा : पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या वर, बायकांची 80च्या वर असेल तर ते आकडेही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि यकृताबरोबर हृदयाचंही विचारा. घरातल्या सडपातळ माणसाच्या कागदावर 'ग्रेड वन' असेल, तर त्यालाही सोबत न्या.