भाड्याच्या घराचे दार

भाड्याच्या घराचे बाहेरचे दार जीर्ण झाले तर ते कोणी दुरुस्त करायचे, हा प्रश्न यहुदी धर्मशास्त्रात फार जुना आहे. इ.स. २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी संकलित केलेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहामध्ये, ‘बाबा मेत्सिया’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात त्याचे उत्तर मिळते. दार, अडसर, कुलूप आणि ज्याला कारागीर लागतो असे प्रत्येक काम घरमालकाने करून द्यावे. ज्याला कारागीर लागत नाही ते भाडेकरूने स्वतः करावे. खर्च किती येईल, याचा उल्लेखही या नियमात नाही. राहणाऱ्याच्या हातून काम होण्यासारखे आहे का, एवढेच तो विचारतो. खालून कुजलेली फळी बदलायला, बिजागऱ्या निखळलेले दार पुन्हा चौकटीत बसवायला सुतारच हवा, म्हणून ते काम मालकाकडे जाते.

त्याच सुमाराचा रोमन कायदा शेजारी ठेवला की फरक कळतो. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस म्हणतो की दारे-खिडक्या फारच खराब झाल्या आणि मालकाने त्या नीट करून दिल्या नाहीत, तर भाडेकरूला घर सोडता येते. रोमन भाडेकरूला इथे करारातून सुटण्याची वाट मिळते. मिश्नाला मात्र तो त्याच घरात नीट राहावा असे वाटते, आणि त्यासाठी कोणी काय करायचे हे ती आधीच ठरवून देते.

मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ असलेल्या बॅबिलोनियन तालमूदमध्ये या नियमाचा विस्तार होतो. दारे बसवणे, खिडक्या उघडून देणे, छत बळकट करणे आणि तुळईला टेकू देणे मालकाकडे. शिडी, गच्चीचा कठडा, पन्हळ आणि छताचा गिलावा भाडेकरूकडे. यातला कठडा महत्त्वाचा आहे. वरून कोणी पडू नये म्हणून छताला कठडा घालावा ही तोराच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आज्ञा. छतावर ज्याचा वावर, जीव सांभाळण्याची जबाबदारीही त्याची. इथून पुढे चर्चा लाकूडकामापुरती राहत नाही.

कारण दारापाशीच आणखी एक आज्ञा येते, ती मेझुझाची. अनुवादातले दोन उतारे चर्मपत्रावर हाताने लिहून, गुंडाळून, आत जाताना उजवीकडे येणाऱ्या चौकटीच्या खांबावर लावायचे असतात. भाड्याच्या घरात ते कोणी लावायचे? तालमूदचे उत्तर स्पष्ट आहे: मेझुझा हे राहणाऱ्याचे कर्तव्य. मग पुढचा, अधिक बारीक प्रश्न उभा राहतो. मेझुझा ठेवण्यासाठी खांबात जागा करायची ती कोणी? खांब तर मालकाचा, आणि लाकडात खाच पाडणे कारागिराचे काम. रब्बी शेशेत यांनी मिश्नाच्या त्याच नियमावरून निकाल दिला: खाच पाडायचे कारणच नाही, बोरूच्या नळीत घालूनही मेझुझा लावता येतो; म्हणून हेही राहणाऱ्याचेच काम. या निकालातला विचार खोल आहे. घराच्या पावित्र्याचे साधन इतके साधे ठेवले आहे की त्यासाठी सुताराची किंवा मालकाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये.

तरीही राहणारा मालकावर अजिबात अवलंबून नाही असे म्हणता येत नाही. बॅबिलोनियातल्या यहुद्यांच्या प्रमुखाने नवे घर बांधले आणि रब्बी नाहमान यांना मेझुझा लावायला सांगितले, तेव्हा त्यांनी आधी दारे बसवून घ्यायला सांगितले, अशी आठवण तालमूदमध्ये आहे. बाराव्या शतकात धर्मशास्त्री मायमोनिडीज यांनी यावरून पक्का नियम केला: मेझुझाची आज्ञा लागू होण्यासाठी घराला ज्या दहा गोष्टी हव्यात, त्यांत दारही आहे. प्रोव्हान्सचे रब्बी राबाद यांनी हे मान्य केले नाही. त्यांच्या मते दार नसले तरी मेझुझा लागतोच. मायमोनिडीज यांचे मत धरले तर मालकाने दार बसवलेच नाही, तर भाडेकरूवरचे धार्मिक कर्तव्यही अडून राहते. याच मायमोनिडीज यांनी मिश्नाच्या कसोटीत एक भर घातली. मालकाकडे येणारे काम कारागिराचे तर असावेच, शिवाय ते घरात राहण्याच्या दृष्टीने मुख्यही असावे. नक्षीदार दार मागण्याचा हक्क भाडेकरूला नाही. बंद होणारे, कडी लागणारे दार मागण्याचा आहे.

दुरुस्तीचे हे नियम पैशाच्या व्यवहाराचे आहेत, आणि अशा व्यवहारात उभयतांनी ठरवलेली अट टिकते. अट नसेल तर त्या गावचा रिवाज पाहतात. राज्याचा कायदा हाही कायदाच, हे तिसऱ्या शतकातले तालमूदी पंडित श्मुएल यांचे तत्त्व. म्हणून मुंबई-ठाण्यात भाड्याने राहणाऱ्या मराठीभाषक बेने इस्राएल यहुदी कुटुंबाच्या दाराला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू पडतो. त्याच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने उलट करार केला नसेल तर, घर राहण्याजोगे ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूला ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाला वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या चाळीतले भाडे पाहता तेवढ्यात नवे दार येणे कठीण. हक्क कागदावर राहतो आणि भाडेकरू पदरचे पैसे घालतो. मिश्नाने कारागिराच्या कामाचा भार मालकावर टाकला, त्यात अशी वेळ येत नाही.

मेझुझाच्या बाबतीत मात्र गावाचा रिवाज चालत नाही. तिथे शास्त्राचेच नियम. इस्राएलच्या भूमीबाहेर घर भाड्याने घेतले तर पहिले तीस दिवस मेझुझाची सक्ती नाही, कारण तेवढ्या काळात माणूस तिथला झाला असे धरत नाहीत. इस्राएलच्या भूमीत तो लगेच लावावा लागतो, आणि कारण ती भूमी वसती राहावी हे. मेझुझा मागे ठेवून जावे लागते म्हणून भाडेकरू सहसा घर सोडत नाही, आणि सोडलेच तर तयार मेझुझा पाहून दुसरा लवकर येतो, असा याचा खुलासा अकराव्या शतकातले भाष्यकार राशी करतात.

घर सोडताना दार आणि कुलूप मालकाचे म्हणून राहते. मेझुझा भाडेकरूचा, तरी तोही तसाच ठेवून जायचा, कारण पुढे राहायला येणाऱ्यावरही तेच कर्तव्य आहे. मात्र घर यहुद्याचे नसेल तर मेझुझा काढून न्यावा. मुंबईतल्या बहुतेक बेने इस्राएल भाडेकरूंना हाच नियम लागू होतो. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी याला एक व्यवहारी पुरवणी जोडली: जाणाऱ्याने मेझुझाच्या पैशांचा आग्रह धरला, तर येणाऱ्याने ते त्याला द्यावेत.