परिचारिकेचा सदसद्विवेक

कर्तव्य काय तें न कळणें हें एक दुःख. कळूनही तें करतां न येणें हें दुसरें. पहिल्याची चर्चा नीतिशास्त्रांत पुष्कळ झाली आहे. दुसऱ्यास अँड्र्यू जेमटन या अमेरिकन विचारवंतानें सन १९८४ मध्यें परिचर्येच्या नीतीवरील आपल्या ग्रंथांत स्वतंत्र नांव दिलें. त्यास आम्ही ‘नैतिक क्लेश’ म्हणूं. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या वांट्यास तो विशेषच येतो.

गोंदिया जिल्ह्यांतील सौंदड हें भातशेतीच्या मुलखांतील गांव. तेथें एका आप्तांकडे आम्ही गेलों असतां घरांतील आजीबाई पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या होत्या. मुलगे नोकरीनिमित्त दूर शहरीं. शुश्रूषेस एक पगारी परिचारिका. अन्न घालण्यासाठीं नाकांत नळी बसविलेली होती. आजीबाई आपल्या चालत्या हातानें ती उपसून काढीत, म्हणून तो हात मऊ फडक्यानें खाटेस बांधला होता. आम्हीं विचारलें तेव्हां ती बाई खालीं पाहून म्हणाली, “बांधतें मी, सर, पण बांधावा कीं नाहीं, हें मला कोणी विचारलें नाहीं.”

कोणी म्हणेल, तिनें सांगितलेलें करावें. निर्णयाचें पापपुण्य मुलाचें आणि डॉक्टरांचें. आम्हांस हें पटत नाहीं. गांठ मारणारे हात तिचे आहेत, आणि आजीबाईंची नजर तिच्याच तोंडाकडे लागलेली असते. मुलांनाही आम्ही दोष देत नाहीं. आई उपाशी राहूं नये, एवढेंच त्यांचें मागणें. परंतु जो ठरवितो तो जवळ नाहीं, आणि जी जवळ आहे तिला ठरविण्यांत स्थान नाहीं. क्लेशाचें मूळ येथें आहे.

याच्या उलट उदाहरण मुंबईचें. के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं अमानुष हल्ला झाला. तेव्हांपासून १८ मे २०१५ रोजीं, वयाच्या ६६ व्या वर्षीं, मृत्यु येईपर्यंत त्या तेथेंच अचेतनप्राय पडून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, शुश्रूषा थांबली नाहीं. इतक्या वर्षांत अंगास शय्याव्रण झाला नव्हता, याची नोंद सर्वोच्च न्यायालयानेंही घेतली. त्यांचें अन्न थांबविण्याची परवानगी मागणारा अर्ज न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं फेटाळला, आणि अरुणाबाईंच्या वतीनें बोलण्याचा अधिकार सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या मंडळींचाच मानला. त्यांचें मत सर्वांस पटेल असें नाहीं. अर्जामागेंही करुणाच होती. परंतु ज्यांनीं सेवा केली त्यांचें म्हणणें विचारलें गेलें, हा न्याय लहान नव्हे.

तोच न्याय घरोघरीं कां नसावा? डॉक्टर व मुलगे विचार करीत असतां परिचारिकेस जवळ बसवावें. रात्रीं रुग्ण काय मागतो, काय नाकारतो, हें तिच्याइतकें कोणास ठाऊक असतें?

आणि रुग्णाचें स्वतःचें काय? सन २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र ग्राह्य मानलें. सन २०२३ मध्यें त्याची पद्धति सोपीही केली. तरी आमच्या घरांत मृत्यूचा विषय निघाला, कीं “असें अभद्र बोलूं नये” म्हणून तो मिटविला जातो. सौंदडच्या आजीबाईंस बोलतां येत होतें तेव्हां त्यांना कोणीं विचारलें नाहीं. आम्हीं तरी, पन्नाशी उलटल्यावर, आपल्या मुलांस कोठें सांगितलें आहे? आमच्या या मौनाचा भार उद्यां कोणा परक्या मुलीच्या मनावर पडणार आहे. तिच्यासाठीं तरी आतां बोललें पाहिजे.